तहकुबीचा अर्धा तास

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

पाऊण तास लाइन मागत होते. कॉलेजचा फोन म्हणजे साखर कारखान्याच्या एक्स्चेंजची एक तार. ऑपरेटरच्या मनात आलं तर तो पुण्याला एसटीडी जोडून देतो, नाही आलं तर बसा. जोडली एकदाची. मोडेम किंचाळला आणि एकोणतीस पत्रं आली, सगळी आशियाच्या यादीवरची.

इंटरनेटवरची नावं कोणी द्यायची, एकाच नावावर दोघांनी हक्क सांगितला तर कोणी निवाडा करायचा, यासाठी जगाचं एक मंडळ होतंय. तिथे आपल्या बाजूच्या देशांचं म्हणणं मांडायला एक संघटना काढायची चाललीय. त्याच्या चर्चेची ही यादी. मी तीन महिने गुपचूप वाचतेय. सगळे मोठमोठे लोक, टोकियो, सोल, सिडनी. आणि श्रीगोंदा रस्त्यावरची मी, हंगामी लेक्चरर, ऑर्डर एप्रिलअखेरपर्यंत.

आज सिंगापूरहून संघटनेच्या नियमांचा मसुदा आलाय, अठरा पानं. प्रिंट काढली. घरी वाचते.

१३ जाने.

कलम नऊ वाचून एसटीत एकटीच हसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

ठरल्या वेळी पुरेसे सभासद हजर नसतील तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सभा, आणि मग कितीही कमी माणसं असोत, ठराव सगळ्यांना बंधनकारक. अगं बाई! हे तर आपल्या कारखान्याचं. सिंगापूरला कसं पोचलं?

पुन्हा वाचलं तेव्हा हसू गेलं. कलम सात म्हणतंय, पत्राने मत कळवणारा हजर धरायचा नाही. सभा होणार हॉटेलात, विमानाने जाऊन. म्हणजे माझ्यासारखे गैरहजरच. सभा तहकूब होणार, आणि अर्ध्या तासाने जे पाचपंचवीस उरतील ते आशिया.

यादीवर कोणीच काही बोललेलं नाही. त्यांना यात काही दिसतच नसेल.

१५ जाने.

बाबांना विचारलं, कारखान्याच्या सभेत नेमकं होतं काय. आमच्या वस्तीतले पहिले सभासद ते. पासबुक अजून ट्रंकेत, कापडात गुंडाळून. वैरण टाकता टाकता म्हणाले,

"अकराची येळ असती. अकराला मानसं कुठं आल्यात? एसट्या यायच्या असत्यात. मग माईकवरनं सांगत्यात, गनपूर्ती न्हाई, सभा तहकूब. आन् लगेच, गोडाऊनकडं जिलेबी-भजी ठिवलीत, समद्यांनी लाभ घ्यावा. गोडाऊन कुठं, पार मळीच्या टाकीच्या पल्याड. लायनीत हुबं ऱ्हायचं, खायचं, हात धुऊन येस्तवर मंजूर, मंजूर, मंजूर."

"तुम्ही कधी थांबला नाहीत?"

"येका वर्साला थांबनार हुतो. पर समदे उठले. येकट्यानं बसून ऱ्हानं लई अवघड असतं, वंदे."

मग पाटी उचलून जाता जाता म्हणाले, "जिलेबी बी ताजी असती."

१८ जाने., सोमवार

पाठवलं! तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. कलम नऊ काढा, आणि कलम सातमध्ये पत्राने मत देणारा हजर धरा. का ते पटावं म्हणून कारखान्याच्या सभेचं उदाहरण दिलं, गोडाऊन, जिलेबी, मंजूर मंजूर, सगळं. कारखान्याचं नाव नाही घातलं, तेवढी अक्कल आहे. इंग्रजी तीनदा तपासलं.

पाठवल्यावर लाइन कटेपर्यंत पडद्याकडे बघत बसले.

२१ जाने.

उत्तरं आली! एक जण विचारतो, जिलेबी म्हणजे काय. एक ऑस्ट्रेलियावाला म्हणतो, हे कलम जगभर सगळ्या संस्थांत असतं, त्याचा असा कोणी वापर करत नाही, उदाहरण रचलेलं वाटतं. रचलेलं! ये म्हणावं सप्टेंबरात, कारखान्याच्या सभेला.

कमिटीच्या सेक्रेटरी मिस लिम, क्वालालंपूरच्या. त्यांनी माझ्या मुद्द्याची नोंद घेतली म्हणून कळवलंय. ते पत्र चार वेळा वाचलं. आईला वाचून दाखवलं. तिला कळलं नाही पण चेहरा बघून तीही हसली.

२५ जाने., सोमवार

सोलच्या एका गृहस्थांनी लिहिलंय: "आपल्याच व्यवस्थापनाबद्दल इतक्या उघडपणे लिहिणाऱ्या या कॉलेजचं अभिनंदन."

कॉलेजचं?

माझं पत्र शेवटपर्यंत खाली नेलं. तळाला चार ओळी. माझं नाव, कॉलेजचं नाव, पत्ता, आणि फॅक्स नंबर. प्रत्येक पत्राला त्या आपोआप लागतात. मीच ऑगस्टमध्ये लावून ठेवल्या होत्या, हौसेने. फॅक्स नंबर कारखान्याचा, कारण कॉलेजला फॅक्सच नाही.

कॉलेज कारखान्याचं. चेअरमन दोन्हीकडे एकच. नाव न घालता मी त्यांचा पूर्ण पत्ता दिलाय.

दुसरा तास कसा घेतला आठवत नाही. फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहिली, मुलींनी दाखवली तेव्हा कळलं.

२६ जाने.

झेंडावंदन. चेअरमनसाहेब आले होते. नेहमीसारखे सगळ्यांना हात जोडत. माझ्यासमोरही थांबले. "काय म्याडम, कॉम्पुटर काय म्हनतोय?"

मी "चाललंय सर" म्हटलं.

त्यांना माहीत नाही. माहीत असतं तर असं विचारलं असतं का? की असंच विचारलं असतं?

२९ जाने.

स्वतःला समजावतेय. कोण वाचणार? इथे मोडेम एक, त्याला हात लावणारी मी एक. यादीवर नगर जिल्ह्यातलं दुसरं कोणी नाही, नावं तपासली. मिस लिमना विचारलं, ते पत्र काढून टाकता येईल का. त्या म्हणतात, यादीवर गेलेलं पत्र परत घेता येत नाही.

आमच्याकडे निदान प्रोसीडिंगचं बुक बदलता येतं. हे लिहून माझी मलाच लाज वाटली.

२ फेब्रुवारी, मंगळवार

फॅक्स आला. कारखान्यात, काल. आज हेडक्लार्क कुलथेभाऊसाहेब तो घडी करून कॉलेजात घेऊन आले, वाटेत मी भेटले. "म्याडम, परदेशातला कागद आलाय बगा. तुमचं नाव हाय त्याच्यात. पैल्यांदा प्राचार्यांना दावतो."

"भाऊसाहेब, माझा आहे तर मला द्या ना."

"आवक नोंद झाली आता. न्हाई देता येत."

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. प्राचार्यांना येतं.

दिवसभर बोलावणं नाही. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आलं.

४ फेब्रु.

आलं.

प्राचार्यांच्या टेबलावर तो कागद, पेपरवेटखाली. मिस लिमनी फार सभ्यपणे विचारलंय. तुमचं उदाहरण आम्ही प्रादेशिक निवेदनात छापू इच्छितो, संस्थेची संमती कळवावी. आणि खाली माझं उदाहरण, संपूर्ण. गोडाऊनसकट.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "या पत्राचा जावक क्रमांक काय?"

ई-मेलला कुठला जावक क्रमांक? पण त्यांचं चुकलं नव्हतं. इथून साध्या पेनच्या रिफिलची मागणी गेली तरी तिला नंबर पडतो, प्राचार्यांची सही लागते. आणि मी कॉलेजच्या नावाने अख्ख्या जगाला पत्र धाडून बसले. इतकी वर्षं या कॉलेजात काढून माझ्या हे डोक्यात आलंच नाही. पत्र म्हणजे कागद, असंच मी धरून चालले होते.

"मी हे वर सांगितलं नाही तर माझ्यावर येईल," सर म्हणाले. "सांगितलं तर तुमच्यावर." जाताना पुन्हा हाक मारली आणि हळूच म्हणाले, "लिहिलंय मात्र हुबेहूब."

८ फेब्रु., सोमवार

काहीच नाही. शांत. ही शांतता मला खातेय. जेवण जात नाही, आईला ॲसिडिटी सांगितलं.

शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी आली. पाथर्डीकडची माणसं, सकाळीच राहायला पाचटाच्या कोप्या बांधायला लागली. आमच्या उसाचा नंबर त्या रानाच्या आधी होता. पाच तारखेला टोळी येणार म्हणून कारखान्याची चिठ्ठी मिळाली होती. बाबा मुकादमाला विचारून आले. "चिठ्ठी बदलली म्हनतोय."

का बदलली, ते बाबांना माहीत नाही. मलाही माहीत नाही. नुसतं वाटतंय.

११ फेब्रु.

शेजारचा ऊस तुटला. मधला बांध ओलांडला की आमचा एक एकर, तुरा आलेला, उभा. टोळी रस्त्यापलीकडे गेली.

बाबा बांधावर उभे राहून बघत होते. मी घरातून त्यांच्याकडे बघत होते. सांगावं, सांगावं असं दहादा ओठांवर आलं. नाही सांगितलं. भित्री आहे मी, दुसरं काय.

१५ फेब्रु.

केडगावला जाऊन आले. तिथल्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकांना विचारलं, जागा आहे का. पूर्वी त्यांच्याकडेच शिकवायचे. म्हणाले, "कॉलेज सोडून परत क्लासात? काही झालंय का?" नाही म्हटलं. त्यांनी जूनमध्ये बघू म्हटलं. नोकरीचं होईल काहीतरी. ऊस जूनपर्यंत थांबत नाही. उभ्या उभ्या वाळतो, वजन जातं.

माझ्या एका पत्राने बाबांचा वर्षभराचा घाम वाळणार.

१९ फेब्रु.

यादी उघडायलाच भीती वाटते. उघडली. कलम नऊवर खडाजंगी चालू आहे. ऑस्ट्रेलियावाला अजून म्हणतोय, असं कुठे घडत नाही. मिस लिमचं सगळ्यांना पत्र: तीन मार्चला सिंगापूरला सभा. आक्षेप घेणाऱ्या बाई येऊ शकत नाहीत, म्हणून सभेतून त्यांना फोन केला जाईल. उदाहरण प्रत्यक्षातलं आहे असं त्या स्वतः सांगतील तर कलम वगळण्यावर मत घेऊ. कल्पित असेल तर आहे तसं ठेवू. तिथले दुपारचे दोन, आपले साडेअकरा.

फोन कुठल्या नंबरावर? माझ्या पत्राखाली आहे त्या फॅक्सच्या, त्याच लाइनीवर फोनही वाजतो. म्हणजे कारखान्याच्या ऑफिसात.

दुसरा नंबर कळवावा म्हणून लिहायला घेतलं. गावात एसटीडी बूथ आहे. पत्र पूर्ण होईतो लाइन कटली. पुन्हा मागितली. ऑपरेटर म्हणाला, "म्याडम, तुमच्या लॅबची बाहेरची लाइन बंद करायला सांगितलंय. वरनं."

२२ फेब्रु., सोमवार

आज चेअरमनसाहेबांनी बोलावलं.

ऑफिसात ते एकटेच. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. हा माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. बारावीनंतर हॉस्टेलला जागा नव्हती, यांनीच चिठ्ठी दिली होती. "आपल्या वस्तीतली पोरगी हाय, शिकू द्या" असं रेक्टरला सांगितलं होतं. ते मी विसरलेले नाही, आणि तेही विसरलेले नाहीत.

टेबलावर फॅक्सचं मराठी भाषांतर. कोणाकडून करून घेतलं देव जाणे.

"म्याडम, हे खोटं हाय का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग खरं हाय. पर खरं असलं म्हनून घरातलं पार सिंगापूरला सांगायचं व्हय? कारखान्याची निवडनूक तोंडावर हाय. उद्या ह्यो कागद विरोधी पॅनलच्या हाती लागला, तर त्यांनी पोस्टर करावं का न्हाई?"

मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसले.

"फोन येनार हाय म्हनं तीन तारखेला, तसा बी फॅक्स आलाय. हितंच घ्या. मी बी बसतो. सांगा त्यांना, उदाहरन काल्पनिक हुतं. इंग्रजीत काय म्हनायचं ते मी लिहून ठिवलंय, जावक नंबर टाकून. वाचायचं फकस्त." कागद पुढे सरकवला. जा. क्र. २१४. चार ओळी, स्वच्छ टाइप केलेल्या.

उठले तेव्हा म्हणाले, "तुमच्या वडलांचा ऊस अजून हुबाच हाय म्हनं. चार तारखेला टोळी देतो. काळजी करू नका."

इतक्या प्रेमाने म्हणाले की मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. स्टँडपर्यंत कशी आले आठवत नाही.

२४ फेब्रु.

चार ओळी पाठ झाल्या. वाचायच्या आणि सुटायचं. चौथी ओळ संपली की टोळी.

काय बिघडणार आहे? सिंगापूरच्या हॉटेलात कोण किती वाजता परत सभेला बसतंय, त्याचं मला काय? कुठल्या नावाचा निवाडा कोणाकडे होतो, त्याने आमच्या वस्तीवर काय फरक पडतो? उद्या कोणी आपल्या गावाच्या नावावर तिकडे हक्क सांगितला, तर जाब विचारायला आपण हॉटेलात नसणार. बास, एवढाच.

एवढाच? मग मी रडतेय कशाला?

२७ फेब्रु., शनिवार

सांगितलं घरी. सगळं. बाबा खाटेवर, आई चुलीपाशी. मी भिंतीकडे बघून बोलले.

आई पहिल्यांदा बोलली. "ऊस वाळला तर वाळला. पर नोकरी जाऊ देऊ नगं, वंदे. लई कष्टानं मिळालीय." मग स्वतःच म्हणाली, "आन् ऊस बी कसा वाळू द्यायचा?" आणि पदर डोळ्यांना लावला.

बाबा खाटेवरून उठले. मला वाटलं चिडले. मग विचारलं, "माजं नाव लिवलं का त्यात?"

"नाही बाबा. नुसतं 'एक सभासद' असं."

"जिलेबीचं लिवलं?"

"लिहिलं."

"मंग माजंच झालं की ते." त्यांना हसू आलं की काय होतं ते मला कळलं नाही. "बावीस वर्सं खाल्ली म्या."

वस्तीतल्या बुद्धविहाराकडे निघून गेले, अंधार पडायच्या आत परत आले आणि जेवून झोपले.

१ मार्च, सोमवार

लॅबची लाइन बंदच. ऑपरेटर माझी नजर टाळतो. प्राचार्य रजेवर गेलेत, तीन तारखेपर्यंत. शहाणा माणूस.

कुलथेभाऊसाहेब हळूच म्हणाले, "म्याडम, वाचून टाका की. आमी समदेच वाचतो." ते वाईट बोलत नव्हते. त्यांच्याही तीन मुली आहेत.

स्वप्नात फोन वाजतोय आणि मी गोडाऊनच्या लायनीत उभी आहे, हातात पत्रावळ. पुढे माणसंच माणसं. ओरडतेय, मला जाऊ द्या, आणि पुढचा मागे वळून म्हणतो, अजून अर्धा तास आहे.

२ मार्च

तिसरा तास अर्ध्यावर सोडला.

कागद पर्समध्ये. आज पाचसहा वेळा बाहेर काढून पाहिला. चार ओळींत एकही चूक नाही. चूक असती तर निदान त्यावर रागावता आलं असतं.

खरं सांगायचं तर मला उद्या काय बोलायचंय ते ठरत नाहीये. सकाळी वाटतं, खरं सांगेन. दुपारी वाटतं, वाचेन. संध्याकाळी वाटतं, फोनच न येवो. आपल्या लाइनीवर सिंगापूर लागेलच असं नाही. ही आशा धरून बसणारी मी, आणि जगाला शहाणपण शिकवायला निघाले होते.

३ मार्च, बुधवार. सकाळी सव्वासात

घाईत लिहितेय.

बाबांनी पहाटेच आंघोळ केली. धुवट सदरा, टोपी. ट्रंकेतून पासबुक काढून कापड सोडवत बसले होते. मी म्हटलं, आज कुठे?

"तुज्यासंगं. कारखान्यात."

"बाबा, नको. ते बसू देणार नाहीत. आज सभा नाही काही."

"म्या सभासद हाय. ऑफिसात बाकड्यावर बसायला कुनाची परवानगी लागत न्हाई."

"टोळी मिळणार नाही मग."

"तू वाचलंस तर मिळंल. न्हाई वाचलंस तर न्हाई मिळनार. ते तुजं तू बग. म्या काय सांगायला येत न्हाई. बसायला येतो."

मी भांडले. खरंच भांडले, आवाज चढवून. तुम्ही समोर असलात तर मला त्या चार ओळी वाचता येणार नाहीत, असं तोंडातून निघून गेलं. त्यांनी चपला पुसायला घेतल्या.

आई दोघांची भाकरी बांधतेय, पिठलं वेगळं डब्यात. म्हणते, "चेअरमन च्या सांगंल, नाष्टा सांगंल. तिथलं काय बी खाऊ नका. अन् उठून कुटं जाऊ नका."

बाबा म्हणाले, "अकराला जाऊन बसू. साडेअकरापतोर म्या उठनार न्हाई." मग माझ्याकडे बघून, "तू काय बोलनार हाईस?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"बरं," म्हणाले. "म्या हाय तिथं."

कागद पर्समध्येच आहे. आठची गाडी. बाबा बाहेर जाऊन उभेही राहिले.